ज्येष्ठ सहकाऱ्याला ईएपीचा (ऑफिसच्या समुपदेशन सेवेचा) नंबर द्यायचाय. कसं बोलू?

अबोली_२ | सोमवार, रात्री १०:४०

चार दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून इथे लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात टीम लीड आहे. टीममध्ये सहा जण. त्यातले एक माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. मी नोकरीला लागले तेव्हा व्हाउचर कसं तपासायचं हे त्यांनीच मला शिकवलं. सगळे त्यांना दादा म्हणतात, इथेही तेच म्हणते. आता हुद्द्याने मी वर आहे, पण त्यावरून त्यांच्या बोलण्यात कधी फरक पडला नाही.

दादांची एक सवय आहे. महिनाअखेरीच्या रिकन्सिलिएशनचा, म्हणजे खात्यांच्या जुळवणीचा प्रिंट काढायचा, तपासलेल्या प्रत्येक रकमेसमोर पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि शेवटच्या पानावर ताळा जुळला की खाली दुहेरी रेघ मारायची. गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा ताळा चुकला. पहिल्यांदा मीच गुपचूप दुरुस्त केला. तिसऱ्या वेळी त्यांचा प्रिंट मागून घेतला. पहिल्या दीड पानावर खुणा होत्या. पुढची साडेचार पानं कोरी. आणि शेवटी दुहेरी रेघ मारलेली.

ती रेघ बघून पोटात कालवलं.

बाकीही आहे. महिन्याभरात सात लेटमार्क. मीटिंगमध्ये दोनदा हाक मारल्याशिवाय लक्ष जात नाही. नव्याने आलेल्या मुलीवर सगळ्यांसमोर ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. गुरुवारी ते पार्किंगमध्ये गाडीत बसलेले दिसले. इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. वीस मिनिटांनी परत खाली गेले तरी तसेच.

आमच्याकडे ईएपी आहे, म्हणजे एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम. बाहेरच्या एका संस्थेशी करार आहे. चोवीस तास फोन, समुपदेशकाबरोबर काही सत्रं मोफत. लिफ्टशेजारी पोस्टर लावलंय. एचआरला विचारलं तर त्यांनी रेफरल फॉर्म, म्हणजे एखाद्याला तिकडे पाठवायचा अर्ज, पाठवून दिला. त्यात एक रकाना आहे, 'समस्येचे स्वरूप'. तिथेच अडले. त्यांना काय होतंय हे मला काय माहीत?

भीती अशी की मी नंबर पुढे केला आणि त्यांना वाटलं, ही आता मला काढायची तयारी करतेय, तर? किंवा, मी शिकवलेली मुलगी आज मला वेड्यात काढतेय? कोणी हे केलंय का? शब्द सुचवा.

कागदोपत्री | सोमवार, रात्री ११:२५

पंधरा वर्षं एचआरमध्ये आहे. आधी एक सांगतो: तो फॉर्म आत्ता भरूच नका.

ईएपीकडे जायच्या वाटा वेगवेगळ्या असतात आणि एचआरमधलेही काही लोक त्यांची गल्लत करतात. सर्वात जास्त माणसं स्वतःहून फोन करतात, कोणालाही न सांगता. दुसरी वाट म्हणजे वरिष्ठाने तोंडी सुचवायचं, नंबर द्यायचा आणि विषय त्या माणसावर सोडायचा. जायचं की नाही हे तो ठरवतो, गेला तरी तुम्हाला कळत नाही. तिसरी म्हणजे औपचारिक रेफरल. कामातली घसरण लेखी नोंदवलेली असते, आधी बोलणी झालेली असतात, तरी फरक पडत नाही, तेव्हा फॉर्म भरला जातो. त्यातही कर्मचाऱ्याची लेखी संमती लागते आणि कंपनीला एवढंच कळतं की तो गेला की नाही आणि ठरलेलं पाळतोय की नाही. आत काय बोलणं झालं, ते नाही. चौथी सक्तीची; जिथे एका चुकीने कोणाचा जीव जाऊ शकतो अशा कामांत, नशेची चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर वगैरे. ती तुमच्या प्रकरणात येतच नाही.

तुमची वाट दुसरी. आत्ताच फॉर्म भरलात तर तिसरीवर ढकलल्यासारखं होईल, आणि दादांना वाटणारी भीती खरी ठरेल.

नोंद मात्र ठेवा, स्वतःपुरती. 'मनःस्थिती ठीक दिसत नाही' ही नोंद झाली नाही, ते तुमचं निदान झालं. 'अमुक तारखेचं रिकन्सिलिएशन, सहापैकी साडेचार पानं न तपासता पूर्ण दाखवलं', ही नोंद. पेन्सिलीच्या खुणांचं तुम्ही जे लिहिलंय ना, तसंच हवं. डोळ्यांनी दिसलेलं.

आणि मदत व शिस्त यांचे हिशोब वेगळे ठेवा. ईएपीकडे गेले म्हणून झालेली चूक पुसली जात नाही. गेले नाहीत म्हणून त्याची शिक्षाही होत नाही. हे दोन्ही त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

परतीचा_पाऊस | मंगळवार, सकाळी ७:१०

रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. मी टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस आहे. दोनदा बसलोय, म्हणून दोन्ही सांगतो.

सात वर्षांपूर्वी वडील गेले. त्यानंतर तीनेक महिने मी कामावर जात होतो एवढंच. एका शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर साहेबांचा मेल आला. विषयात लिहिलं होतं, 'ईएपी रेफरल, तातडीचे'. सीसीमध्ये एचआर, साहेबांचे साहेब, आणि आमच्या टीमचा कोऑर्डिनेटर. तो का होता ते मला आजही माहीत नाही. मेलमध्ये एकही वाईट शब्द नव्हता. उलट 'आम्हाला तुमची काळजी आहे' असं दोनदा होतं. शनिवार-रविवार मी तो मेल उघडत होतो आणि बंद करत होतो. सोमवारी कोऑर्डिनेटरने अगदी हळू आवाजात विचारलं, "बरं आहे ना?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या हळू आवाजानंतर मला त्या मजल्यावर बसवेना. नंबर मेलमध्येच होता. मी फोन केला नाही. चार महिन्यांनी राजीनामा दिला.

दुसऱ्या नोकरीत दीड वर्षाने पुन्हा तसंच व्हायला लागलं. तिथल्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, मोबाइल उलटा ठेवला. म्हणाल्या, "मंगळवारचा रिपोर्ट अर्धाच आला, आणि गेल्या आठवड्यातलाही. तुमच्याकडून असं कधी होत नाही. काय झालंय ते मला सांगायलाच हवं असं नाही. पण मला काळजी वाटली म्हणून बोलावलं." मग गप्प बसल्या. खूप वेळ गप्प बसल्या. मी काहीच बोललो नाही. त्यांनी एक कार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "आत्ता फोन करावासा वाटला तर ही खोली अर्धा तास तुमची. मी बाहेर जाते, कोणी आत येणार नाही."

मी त्या खोलीतूनच फोन केला. घरी नेलं असतं तर ते कार्ड ड्रॉवरमध्ये पडून राहिलं असतं, याची मला खात्री आहे.

अबोलीताई, शब्दांइतकंच दार लावणं महत्त्वाचं आहे. आणि मेल नको. कृपा करून मेल नको.

चिंब | मंगळवार, सकाळी ८:०२

परतीचा_पाऊस, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. धागा वाचतेय. आमच्या ऑफिसातही पोस्टर आहे आणि त्यासमोर उभं राहून नंबर टिपून घेताना मी अजून एकाही माणसाला पाहिलेलं नाही.

परतीचा_पाऊस | मंगळवार, सकाळी ८:२०

लिफ्टशेजारी कोण टिपून घेणार? येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावावं.

कानोसा | मंगळवार, दुपारी १:४५

मी अशाच एका सेवेत समुपदेशक आहे. कंपनीचं नाव विचारू नका, पण पलीकडे फोन कोण उचलतं आणि काय होतं ते सांगते. न कळल्यामुळेच बहुतेक लोक फोन करत नाहीत.

फोन उचलल्यावर आधी विचारते, आत्ता मोकळेपणाने बोलता येतंय का, आसपास कोणी आहे का. मग गोपनीयतेबद्दल सांगते, आणि अपवादांसकट सांगते: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलांवर अत्याचार होत असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल, तर मी गप्प राहू शकत नाही. बाकी सगळं आमच्यातच राहतं. कंपनीला जातो तो नुसता आकड्यांचा अहवाल: या तिमाहीत इतके फोन, त्यात इतके कौटुंबिक, इतके पैशांच्या अडचणींचे. नाव नाही, विभाग नाही. मॅनेजर फोन करून विचारतात, "आमचे अमुक आले होते का?" मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. काही जण चिडतात. चिडू देत.

सत्रं करारावर अवलंबून असतात, बऱ्याच ठिकाणी एका प्रश्नासाठी तीन ते आठ. त्यात सगळं सुटत नाही, तसा दावाही नसतो. अडचण काय आहे ते उलगडतं, हातात धरायला काहीतरी मिळतं. लांबचे उपचार लागणार असतील तर योग्य ठिकाणी पाठवतो. बरेच जण कर्ज, कोर्टाची कामं, आजारी आईवडिलांची देखभाल असल्या गोष्टींसाठीही येतात. बहुतेक सेवांमध्ये त्याचाही सल्ला मिळतो.

अबोली, एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. तुम्ही स्वतः त्या नंबरवर फोन करा. 'माझ्या टीममधल्या एका माणसाशी बोलायचंय, कसं बोलू' एवढं सांगा. दादांचं नावही सांगू नका. मॅनेजरला अशी तयारी करून देणं हा आमच्या कामाचाच भाग आहे.

तिसरी_पाळी | मंगळवार, रात्री ९:५०

सगळे चांगलं लिहितायत, तरी एक कडवट प्रश्न विचारतो. मी कारखान्यात सुपरवायझर आहे आणि हे चक्र मी पाहिलंय. माणसं कमी करायची, उरलेल्यांवर दुप्पट काम टाकायचं, आणि कोणी कोलमडला की त्याला समुपदेशकाचा नंबर द्यायचा. म्हणजे बिघाड माणसात आहे, कामात नाही, असंच त्याला सांगितल्यासारखं होतं.

हे नुसतं माझं मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी कामाचे १,२०० कोटी दिवस वाया जातात, हा अंदाज त्या वेळी बराच छापून आला. पण त्या सूचनांची सुरुवात समुपदेशनाने होत नाही. आधी कामाचा बोजा, वेळा, माणसाच्या हातात किती निर्णय आहेत हे बदलण्याचं येतं. मग मॅनेजरांचं प्रशिक्षण. एकेका माणसाला द्यायची मदत त्यानंतर. त्याच संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'ला आजार म्हटलेलंच नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी अवस्था, असं लिहिलंय.

म्हणून विचारतो, अबोलीताई. दादांच्या टेबलावर सध्या काम किती आहे?

अबोली_२ | बुधवार, रात्री ११:१५

तिसरी_पाळी, तुमचा प्रश्न वाचला आणि आज दुपारी बसून मोजलं.

पाच महिन्यांपूर्वी टीममधली एक जण सोडून गेली. तिची दोन लेजर (खातेवह्या) दादांकडे 'तात्पुरती' दिली. त्या मेलखाली माझं नाव आहे. जागा भरायची मागणी मी एकदा केली, वरून नकार आला, मी परत विचारलं नाही. दादांनीही कधी काही म्हटलं नाही आणि मी त्याचा अर्थ 'जमतंय' असा घेतला. चुका सुरू झाल्या त्याला दोन महिने झाले, म्हणजे तीन महिने त्यांनी ते ओढलं. मला लाज वाटली. लेजर उद्याच काढून घेऊ का?

कागदोपत्री | बुधवार, रात्री ११:४०

न विचारता काढू नका. पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या टेबलावरून सकाळी येऊन फायली उचलल्या की त्याला एकच अर्थ लागतो. त्यांनाच विचारा, काय कमी करू.

आणि घरचं काही आहे की कामाचं, हे तुम्ही ठरवायचं नाही. बहुधा दोन्हीची गुंतागुंत असते. तिसरी_पाळींशी मी सहमत आहे, पण बोजा कमी होईपर्यंत नंबर द्यायला थांबावं असं मला वाटत नाही. दोन्ही एकाच बैठकीत.

अबोली_२ | गुरुवार, सकाळी ६:५०

रात्री बसून हे लिहून काढलं. दुरुस्त करा:

"दादा, गेले काही दिवस तुमचं लक्ष लागत नाहीये असं वाटतं. चेहराही ओढलेला दिसतो, झोप होत नाही का? घरी काही आहे का? सगळ्यांच्याच आयुष्यात असं येतं. आपल्याकडे समुपदेशनाची सोय आहे, तुम्ही एकदा जाऊन या, बरं वाटेल. तुमच्या चांगल्यासाठीच सांगतेय."

कानोसा | गुरुवार, सकाळी ९:३०

यातला तुमचा जिव्हाळा कळतो, पण तीन जागी हात आखडता घ्या.

'लक्ष लागत नाहीये असं वाटतं' काढा. तुम्हाला काय वाटतं त्यावर ते वाद घालतील, आणि घालूही शकतात. प्रिंट समोर ठेवा. कोऱ्या पानांवर वाद होत नाही.

'घरी काही आहे का' काढा. वरिष्ठाने विचारलं की उत्तर देणं भाग पडतं. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका, मध्ये बोलू नका, उपाय सुचवू नका.

'सगळ्यांच्याच आयुष्यात येतं' हेही काढा. त्या क्षणी माणसाला आपलं दुःख इतरांच्या रांगेत उभं केल्यासारखं वाटतं.

कागदोपत्री | गुरुवार, सकाळी १०:०५

चेहरा आणि झोपेचं वाक्यही जायला हवं. त्यामागे इतिहास आहे, थोडक्यात सांगतो.

ईएपीची मुळं अमेरिकेत १९४० च्या दशकातल्या कारखान्यांत आहेत. तिथे दारूच्या आहारी गेलेल्या कामगारांसाठी कार्यक्रम सुरू झाले. सुपरवायझरांना शिकवलं जायचं की लाल डोळे बघा, हात थरथरतात का बघा, वास येतो का बघा. त्यातून झालं काय, तर सुपरवायझर हेर बनले, कामगार लपवायला शिकले आणि ओळखू येईपर्यंत आजार फार पुढे गेलेला असायचा. १९७० मध्ये तिथे मद्यपानावरच्या उपचारांचा कायदा झाला, त्याच्या आगेमागे विचार बदलला. सुपरवायझरने फक्त काम बघावं, कारण शोधणं तज्ज्ञावर सोडावं. एकदा कामच बघायचं ठरल्यावर मग दारूपुरतंच कशाला? काम बिघडायला घटस्फोट, कर्ज, नैराश्य काहीही कारण असू शकतं. तिथून हे कार्यक्रम सगळ्यांसाठी झाले. या क्षेत्रातल्या लोकांची १९७१ मध्ये स्थापन झालेली संघटना आधी मद्यपानाच्या नावाने होती, १९८९ मध्ये तिने नावातच 'एम्प्लॉयी असिस्टन्स' घेतलं.

तेव्हा 'चेहरा ओढलेला दिसतो' म्हणजे पुन्हा डोळे तपासणं आलं. तुम्ही अकाउंट्सच्या माणूस आहात, कागद बोलू द्या.

चिंब | गुरुवार, दुपारी १२:३०

एक विचारायचंय, विचारायला जड जातंय. समजा दादा बोलता बोलता म्हणाले की आता जगण्यात काही अर्थ नाही, तर अबोलीने काय करायचं?

कानोसा | गुरुवार, दुपारी १:१०

विचारलंत ते फार बरं झालं. असं काही कानावर पडलं तर सरळ विचारायचं, "जीव द्यावा असं मनात येतंय का?" याच शब्दांत. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसं रडून मोकळी झालेली मी पाहिली आहेत.

उत्तर हो आलं, किंवा नुसती मान खाली गेली, तर त्यांना एकटं सोडायचं नाही. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. कार्ड देऊन उठायचं नाही. तिथेच बसून दोघांनी मिळून फोन लावायचा, आणि धोका लगेचचा वाटला तर तातडीच्या वैद्यकीय सेवेला. अशा वेळी रेफरल, फॉर्म, संमती सगळं बाजूला.

दोन_खोल्या | गुरुवार, दुपारी ३:२०

आम्ही अकरा माणसं. ईएपी वगैरे काही नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं?

कागदोपत्री | गुरुवार, दुपारी ३:४५

बोलणं तेच, फक्त कार्डावरचा नंबर वेगळा. सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन किंवा भरवशाचा डॉक्टर, आधीच चौकशी करून ठेवा. अकरा माणसांत गुपित राहणं जास्त अवघड, तेव्हा बैठक ऑफिसच्या वेळेनंतर घ्या, आणि डॉक्टरकडे जायला वेळ मागितला तर कारण न विचारता द्या.

अबोली_२ | शुक्रवार, रात्री ९:००

आज बोलले.

काल संध्याकाळी आधी त्या नंबरवर मीच फोन केला. कानोसाताई, तुम्ही सांगितलं नसतं तर सुचलं नसतं. पलीकडच्या बाईंनी माझ्याकडून दोनदा बोलून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तुम्ही फार बोलताय. निम्मं करा."

आज अकरा वाजता छोटी मीटिंग रूम घेतली. दार लावलं, मोबाइल उलटा ठेवला. प्रिंट टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हटलं, "दादा, यातली साडेचार पानं तपासलेली नाहीत आणि खाली रेघ आहे. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ताळा चुकला. तुमच्याकडून असं होत नाही. मला काळजी वाटते."

त्यांनी पानं उलटली. एकेक करून, सहाही. मग पुन्हा पहिल्या पानावर आले आणि त्यावर हात ठेवून बसून राहिले. मी घड्याळाकडे बघितलं नाही. एसीचा आवाज ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी म्हणाले, "रेघ मारायला नको होती." बाकी काही नाही.

मग मी लेजरचं बोलले. म्हटलं, "ती दोन लेजर तात्पुरती म्हणून दिली आणि पाच महिने तुमच्याकडे पाहिलंही नाही. ती माझी चूक. काय काढून घेऊ?" ते पहिल्यांदा वर बघून म्हणाले, "एक घ्या. दुसरं राहू द्या, ते मला आवडतं." कागदोपत्री, न विचारता दोन्ही उचलली असती तर!

नंबरचं कार्ड दिलं. सांगितलं की जायचं की नाही हे तुमच्यावर, मी विचारणार नाही, गेलात तरी मला कळणार नाही. त्यांनी विचारलं, "हे फाइलला लागणार का?" म्हटलं, "नाही. चुकलेला ताळा मात्र नोंदलेला आहे आणि पुढच्या महिन्याचं काम पूर्वीसारखं व्हायला हवं. ते वेगळं, हे वेगळं." हे वाक्य म्हणताना माझा आवाज कापला, पण म्हटलं.

खोली अर्धा तास तुमचीच आहे असंही सांगितलं. ते म्हणाले, "इथून नको." उठले, कार्ड ओळखपत्राच्या प्लास्टिकमध्ये मागच्या बाजूला सरकवलं. दारापाशी थांबले आणि विचारलं, "यावर घरच्या माणसाने फोन केला तर चालतो का?"

मी हो म्हटलं. पुढे काही विचारलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं.

परतीचा_पाऊस | शुक्रवार, रात्री ९:३५

ताई, डोळ्यांत पाणी आलं.

कानोसा | शुक्रवार, रात्री १०:००

हो, बहुतेक करारांत जोडीदार आणि मुलं येतात, पण करारागणिक फरक असतो. सोमवारी एचआरला विचारून खात्री करून घ्या, दादांचं नाव न घेता. तुम्ही हो म्हणालात ते खोटं पडायला नको.

आणि सोमवारी त्यांच्याशी नेहमीसारखं वागा. खास मऊ बोलू नका. परतीचा_पाऊस यांनी लिहिलेला तो हळू आवाज लक्षात असू द्या.

तिसरी_पाळी | शुक्रवार, रात्री १०:२०

कडवट बोललो होतो त्याबद्दल राग नसावा. जागा भरायची मागणी पुन्हा घाला. या वेळी चुकलेल्या ताळ्यांचा आकडा लावून घाला, वरच्यांना तीच भाषा कळते.

अबोली_२ | चार आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:१५

बरेच जण विचारत होते म्हणून लिहिते.

घरच्यांचं विचारून घेतलं, जोडीदार आणि मुलं दोन्ही करारात आहेत. दादांना मी परत काही विचारलेलं नाही. दर बुधवारी ते साडेपाचला निघतात. टीममधल्या एकाने 'बुधवारी काय असतं दादांचं?' असं विचारलं, मी 'माझ्याशी बोलून जातात' एवढंच सांगितलं. लेटमार्क या महिन्यात दोन. नव्या मुलीला त्यांनी स्वतः बोलावून माफी मागितली म्हणे, तीच सांगत होती. महिनाअखेरीचा ताळा जुळला, पण एक दिवस उशिरा. प्रिंट बघितला, चौथ्या पानापर्यंत खुणा त्यांच्या आहेत. पुढची दोन पानं त्यांनी शेजारच्याला तपासायला दिली होती, तिथे पेनाच्या खुणा आहेत आणि खाली दोघांच्या सह्या. पूर्वी त्यांनी कोणाला हात लावू दिला नसता.

जागा भरायला मंजुरी आली नाही. अर्ध्या वेळेचा माणूस मिळालाय, तीन महिन्यांसाठी. मी पाठपुरावा सोडलेला नाही.

कागदोपत्री, पुढच्या महिन्यात अप्रेजल आहे. या सगळ्यातलं काय लिहू?

कागदोपत्री | रविवार, संध्याकाळी ७:३०

चुकलेले ताळे लिहा, सुधारलेला लिहा, कामाचा बोजा किती होता तेही लिहा. ईएपीबद्दल एक अक्षर नको, चांगल्या अर्थानेही नको. 'मदत घेऊन सुधारणा केली' असं कौतुक म्हणून लिहिणारे मॅनेजर मी पाहिलेत. तो कागद पुढे कोणाच्या हातात जाईल हे आपल्याला माहीत नसतं.

अबोली_२ | रविवार, रात्री ८:१०

बरं झालं विचारलं, अगदी तसंच वाक्य मी खरडून ठेवलं होतं. आत्ताच खोडलं.

आणि हो, पोस्टरचं राहिलं. परतीचा_पाऊस म्हणाले तसं, एचआरशी बोलून आमच्या मजल्यावर स्वच्छतागृहांच्या दारांना आतून लावलं. खाली नंबरच्या सुट्या पट्ट्या कापून ठेवल्या, फाडून नेता येतील अशा. सोमवारी लावलं होतं. शुक्रवारी बघितलं तर महिलांच्या बाजूच्या तीन पट्ट्या गेल्या होत्या. आमच्या मजल्यावर आम्ही बायका नऊ जणी आहोत.

उद्या नवी प्रत लावतेय.